उलटा उपवास

माझा आजार सुभेदारसाहेबांच्या स्वागतात सुरू झाला, असे मी बरेच दिवस समजत होतो. डॉक्टरांनी पुढे सांगितले की तो त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या अंगात मुक्कामाला होता. स्वागताच्या दिवशी त्याने फक्त हजेरी दिली.

मी तेव्हा हिंगोलीच्या तहसील कचेरीत पेशकार होतो. पेशकार म्हणजे तहसीलदारांपुढे कागद ठेवणारा आणि त्यांची सही वाळेपर्यंत उभा राहणारा माणूस. सुभेदारसाहेब, म्हणजे साऱ्या सुभ्याचे मोठे अंमलदार, दौऱ्यावर यायचे होते, म्हणून हुकूम निघाला की कचेरीतल्या सर्वांनी शेरवानी, डोक्याला दस्तार आणि काळे बूट घालून स्टेशनावर हजर राहावे. शेरवानी माझ्याकडे होती. दस्तारही होती, थोडी उंदरांनी चाखलेली. बूट नव्हते. ते परभणीहून मागवले आणि ते बोटभर आखूड निघाले. परत पाठवायला वेळ नव्हता, आणि चपला घालून गेलो तर राज्य बुडेल अशी सर्वांची समजूत होती.

गाडी उशिरा आली. आम्ही आंब्याच्या पानांच्या कमानीखाली उन्हात ताटकळलो. साहेब डब्यातून उतरले, कमानीकडे न बघता मोटारीत बसले आणि गेले. कमान दुपारी शेळ्यांनी खाल्ली. भाषण वाचायचे राहिले. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला होता. त्या समारंभातली तेवढीच एक गोष्ट टिकली.

तहान

फोड फुटला, त्याची जखम झाली आणि ती भरेना. हळद लावली, कडुनिंबाच्या पाण्याने धुतली, गल्लीतल्या प्रत्येकाने सांगितलेला पाला बांधला. अंगठा जसाच्या तसा. कडेने काळसर होऊ लागला.

तहान तर इतकी, की रांजणात तांब्या बुडवायलाही मी घरच्यांची वाट पाहत नसे. पण वैशाख चालू होता. वैशाखात हिंगोलीत ज्याला तहान लागत नाही, त्यालाच खरे तर दवाखान्यात न्यायला हवे. वजन उतरले, तेव्हा कचेरीतले लोक म्हणाले, काम फार पडते. हे ऐकून मला बरे वाटले, कारण माझ्या कामाची कुणी दखल घेतल्याचा तो पहिलाच प्रसंग.

शेवटी बायकोनेच हट्ट धरला. तिचे नाव रुक्मिणी. ती म्हणाली, "अंगठा मला दाखवून काय उपेग? मी काय डाक्टर हाय? जा म्हनते ना दवाखान्यात."

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादेकडचे, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी पायाकडे पाहिले आणि मला प्रश्न विचारला तो पाण्याबद्दल. "पानी कितना पीते?" मी सांगितले. त्यांनी माझी लघवी मागवली, काचेच्या नळीत निळे औषध घेतले, त्यात तिचे काही थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, आणि बघता बघता नळी भट्टीतून काढलेल्या विटेसारखी लाल झाली.

"शक्कर," ते म्हणाले. "बहुत शक्कर."

मी म्हणालो, मी गोड फारसे खात नाही. त्यांनी नळी माझ्यापुढे धरली. "पेशकारसाहब, मुलजिम का बयान मैं बाद में लेता. पहले गवाह को सुनो."

घरी आलो तेव्हा आई अंगणात गहू निवडत होती. तिने विचारले, "काय म्हनला रं डाक्टर?"

मी थकलो होतो. म्हणालो, "साखर सांगितली."

तिचा चेहरा उजळला. "मंग एवढंच ना?" असे म्हणून ती उठली, आत गेली आणि वाटीभर साखर घेऊन आली. माझ्या हातात देऊन म्हणाली, "खा बाबा. औषध म्हनून खा."

मी वाटी हातात धरून बसलो. मला हसू येत होते आणि दुसरेही काहीतरी येत होते. डॉक्टरने सांगितलेली साखर आणि डॉक्टरला सापडलेली साखर यांत काय फरक आहे, हे मी तिला समजावू लागलो. रुक्मिणीने येऊन वाटी काढून घेतली. त्या संध्याकाळी घरात चहा झाला नाही.

वॉर्डात

डॉक्टरांनी मला रेल्वेने मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथले सर्जन घाईचे गृहस्थ होते. त्यांनी अंगठा दाबला आणि माझ्याशी न बोलता बरोबरच्या माणसाशी बोलले. मला कळले ते एवढेच, की साखर अशी असताना कापले तर कापलेलेही भरणार नाही, आणि न कापता काळेपण वर चढले तर अंगठ्यावर न थांबता पाऊल काढावे लागेल.

वॉर्डाचा दिवस पहाटे झाडूच्या आवाजाने सुरू होई. मग सुई, मग मलमपट्टी, मग पातळ वरण. मग बराच वेळ काहीच नाही. माणसाला भीती वाटते ती या काहीच नसलेल्या वेळात. मी छताकडे बघत पडे आणि मनाशी हिशेब करी, की एका पायाचा पेशकार दौऱ्यावर जाईल कसा, बैलगाडीत चढेल कसा. पुस्तके मी पुष्कळ वाचली होती. धीराने कसे मरावे याबद्दल त्यांत सुंदर मजकूर होता. पाऊल कापलेल्या माणसाने संडासला कसे बसावे याबद्दल कुठेच काही नव्हते.

शेजारच्या खाटेवर सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा म्हातारा नाईक होता. त्याचे वाडवडील बैलांवर धान्य लादून मुलुखभर फिरलेले. त्याचा पाय गुडघ्याखाली काढला होता. मी त्याच्याकडे बघायचे टाळत असे. ते त्याच्या ध्यानात आले.

"साहेब, बघा की," तो म्हणाला. "गेला तो पाय बघायला पैसे पडत न्हाईत."

"दुखतो का?"

"जो हाय तो दुखतो. जो गेला तो खाजून राहिला." आणि तो इतका हसला की मलाही हसावे लागले. त्या वॉर्डात मला मिळालेले सर्वांत चांगले औषध ते होते.

सुयांनी साखर उतरली, अंगठा जरा निवळला. पण सुईच्या औषधाची बाटली थंडाव्यात ठेवावी लागे, आणि हिंगोलीत थंडावा पौषाशिवाय मिळत नाही. सर्जन म्हणाले, घरी जा, तोंड सांभाळा, दसऱ्याला या. तेव्हा बघू, काय ठेवायचे आणि काय काढायचे. काळे वर सरकलेले दिसले तर दसऱ्याची वाट पाहू नका.

म्हणजे मला दसऱ्यापर्यंत मुदत मिळाली होती. कचेरीत मी कित्येकांना मुदती वाढवून मिळताना पाहिल्या होत्या. ही वाढणारी नव्हती.

एका वेळी एकच

हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला निळ्या औषधाची बाटली, दोन नळ्या आणि स्पिरिटचा छोटा दिवा दिला. म्हणाले, तपासायला रोज माझ्याकडे येऊ नका, स्वतः बघा. निळे राहिले तर उत्तम, हिरवे चालेल, पिवळ्याच्या पुढे गेले तर तुमच्या खाण्यात कुठेतरी चोर आहे. आणि मग त्यांनी तो नियम सांगितला, ज्याच्यामुळे मी आज दोन पायांवर उभा आहे.

"एक वक्त में एकच चीज बदलना. दो बदले तो मुकदमा खारिज."

कचेरीच्या माणसाला हे लगेच पटले. साखर आणि भात दोन्ही एकदम सोडले आणि रंग सुधारला, तर श्रेय कुणाला द्यायचे? आमच्याकडे रस्ता झाला की तहसीलदार, गिरदावर आणि पटवारी तिघेही तो आपण केला म्हणतात. नळीपुढे ते चालत नाही.

ही शिजवाशिजव स्वयंपाकघरात होणे शक्य नव्हते. मी गोठ्यात म्हशीशेजारी माझा दवाखाना मांडला. चार दिवसांत गल्लीत बातमी झाली की पेशकार मूत शिजवतात. समोर हळदीचे व्यापारी कासीमभाई राहत. त्यांनी दारातून विचारले, "पेशकारसाब, शिजलं का? मीठ लागलं तर सांगा."

"तुमची हळद टाकून बघणार आहे."

"टाका की. पर मंग भाव उतरला तर तुमची जिम्मेदारी."

पहिला प्रयोग चहाचा. आठवडाभर बाकी सगळे तेच, फक्त चहात साखर नाही. पहिला घोट घेतल्यावर कळले की आजवर मी चहा पीतच नव्हतो, साखरेचे पाणी पीत होतो आणि चहाला नावाजत होतो. नळी विटेची नारिंगी झाली. थोडेच, पण झाली. मी ती उजेडाकडे धरून इतका वेळ पाहिली की म्हशीनेही मान वळवून पाहिले.

दुसरा प्रयोग भाताचा. भात गेला, ज्वारीची भाकरी आली, तीही अर्धी कमी. नारिंगीचे पिवळे झाले. तिसरा प्रयोग कारल्याच्या रसाचा. त्याची शिफारस गल्लीतल्या एका पेन्शनर गृहस्थांनी केली होती. ते शरीरशास्त्रावर संस्कृतात बोलत. आठवडाभर रस घेतला. रंग तोच राहिला, स्वभाव मात्र बिघडला. चौथा प्रयोग जांभळाच्या बियांच्या पुडीचा, तोही तसाच गेला. कुणाला गुण येत असेल, माझ्या नळीने ओळख दाखवली नाही.

पाचवा प्रयोग सर्वांत अवघड निघाला आणि त्यात खाण्याचा संबंध कमी, माणसांचा जास्त होता. दौऱ्यावर गोरेगावाकडे गेलो की प्रत्येक घरी आधी गूळ-पाणी पुढे येते. एका गावात पाच घरे झाली की पाच खडे. मी पहिल्या घरी नको म्हणालो, तर पाटलाने गुळाची वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "काहून साहेब? आमच्या घरचं पानी चालत न्हाई का?"

त्याला नळीची हकिकत सांगण्यासारखी नव्हती. मी खडा घेतला, ओठांना लावल्यासारखे केले, पाणी प्यालो आणि खडा शेरवानीच्या खिशात टाकला. प्रत्येक घरी तेच. संध्याकाळी तहसीलदारांपुढे कागद ठेवताना माझ्या खिशातून मुंग्यांची रांग निघाली आणि शिस्तीने त्यांच्या मेजावर चढली. तहसीलदारांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"ये किस के साथ आए हैं?"

"हुजूर, अर्जदार आहेत," मी म्हणालो.

ते हसले. पुढच्या दौऱ्यापासून त्यांनी स्वतःच घरोघर सांगायला सुरुवात केली की पेशकारांना हकीमाचे परहेज आहे, त्यांना नुसते पाणी द्या. साहेबाने सांगितले की तेच लोकांना पटते; मी सांगितले असते तर त्याला माज म्हणाले असते. कसे का असेना, त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

आषाढ संपता संपता नळी हिरवी होऊ लागली. रोज सकाळी रुक्मिणी मला ओट्यावर बसवी, पाय मांडीवर घेई आणि तांदूळ निवडावेत तशी बोटे निवडी. कोमट पाण्याने धुवून फडक्याने टिपी. एके दिवशी म्हणाली, "काळं मागं सरून राहिलं." मी पाहिले. खरेच सरत होते. त्या दिवशी कचेरीत मी तीन लोकांशी विनाकारण चांगले बोललो.

श्रावण

आईने माझ्या पायासाठी औंढ्याच्या नागनाथाला सोळा सोमवार बोलले होते. श्रावण लागला आणि ती म्हणाली, "पाय तुझा हाय. उपवास तू बी धर."

मी देवाच्या बाबतीत फार बोलत नाही. पण उपवासाला माझी हरकत नव्हती, उलट मला तो सोयीचा वाटला. डॉक्टर कमी खा म्हणत होते, आई खाऊ नको म्हणत होती. शास्त्र आणि श्रद्धा इतक्या सहज एका पाटावर बसलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या. मी सोमवार धरले, एकादशी धरली, वर शनिवारही धरला. साखर-गूळ नको एवढी अट घातली. आईने ती पाळली. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, केळी, खजूर. काहीही गोड नाही, असे आम्ही दोघेही समजत होतो.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी नळी दिव्यावर धरली ती जवळजवळ शाबासकीच्या अपेक्षेने. ती लाल झाली. वीट.

मी नळीवर संशय घेतला आणि दुसरी घेतली. तीही लाल. औषधावर संशय घेतला, म्हशीवर घेतला, एकदा तर कासीमभाईंच्या हळदीवरही घेतला. शनिवारी लाल. एकादशीला लाल. मधल्या वारी पिवळी. आणि रुक्मिणी सकाळी बोटे निवडताना काही बोलेनाशी झाली. अंगठा पुन्हा गरम लागत होता.

मला भीती वाटली, आणि ती वॉर्डातल्यापेक्षा वाईट होती. वॉर्डात मी काही केलेच नव्हते. इथे मी सगळे नेमाने केले होते, आणि तरी पाय चालला होता.

मग नियम आठवला. एका वेळी एकच. बाकी सगळे तेच असताना बदलले काय होते? उपवास. ज्या दिवशी मी उपाशी होतो, त्याच दिवशी माझ्या अंगात साखर जास्त होती. उपवासाला आम्ही जेवण सोडतो, खाणे सोडत नाही, हे मला या वयात एका काचेच्या नळीने सांगितले. साबुदाणा, रताळे, केळे, खजूर, एकाहून एक. साखरेचा खडा तरी आपले नाव लपवत नाही.

कासीमभाईंना सांगितले तर ते म्हणाले, "त्यात काय नवल? रमजानच्या महिन्यात दिवसा थुंकी गिळत न्हाई मी, आन् ईदला नवीन पायजमा शिवावा लागतो. जुना कमरेला बसत न्हाई."

पण खात्री करायला प्रयोग हवा होता. म्हणजे एक सोमवार मला जेवावे लागणार होते.

नवस कुणाचा

मी आईला सांगितले. ती जात्याशी बसली होती. दळण थांबले.

"पायासाठीच उपवास हाय," ती म्हणाली. "आन् तू पायासाठीच मोडतो म्हनतो?"

"एकच सोमवार. बघण्यापुरता."

"देवाला बघून राहिला व्हय तू? परीक्षा घेऊन राहिला?"

मी समजावू लागलो. पिठूळ पदार्थ, पोटात त्याची साखर कशी होते, वगैरे. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरत होते. माझ्या लक्षात आले की तिला माझे म्हणणे कळत नव्हते असे नाही. पाय गेला तर तो आपण नवस मोडू दिल्यामुळे गेला, या विचाराने ती भ्यालेली होती. ती भीती माझ्या भीतीहून लहान नव्हती, आणि माझ्यापाशी तिच्यासाठी कुठली नळी नव्हती.

रुक्मिणी चुलीपाशी होती. तिने हात न थांबवता विचारले, "आत्या, नवस कुनी बोलला?"

"म्या."

"मंग उपवास बी तुमीच करा. ह्यांनी पाय सांभाळावा."

"पाय ह्याचा आन् नवस माझा? असं कुटं असतंय?"

"पाय ह्यांचा, पर आला तर तुमच्याच पोटातून," रुक्मिणी म्हणाली. "तुमी उपाशी ऱ्हायलात तर पायाला पोचत न्हाई व्हय?"

जात्यात मूठभर दाणे पडले. मग आई म्हणाली, "येकच सोमवार." आणि दळण पुन्हा सुरू झाले.

त्या सोमवारी मी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ताक असे दोन्ही वेळ जेवलो. आईने पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. तिला कुणी बोलायला जाऊ शकत नव्हते. मी घास घेत होतो आणि ती समोर भिंतीला टेकून बसली होती, माझ्या वाटचेही उपाशी. इतके जड जेवण मी आयुष्यात केलेले नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला मी गोठ्यात गेलो. मागच्या सोमवारची लाल नळी मी तशीच ठेवली होती. नवी दिव्यावर धरली. तेवढ्यात मागे पाऊल वाजले. आई आली होती. ज्या कोपऱ्याकडे ती इतके दिवस तोंड करत नसे, तिथे ती पदराने नाक झाकून उभी होती.

पाणी उकळले. निळे होते ते निळेच राहिले. कडेला किंचित हिरवट झाक आली, आणि बस. मी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरल्या.

"कंची आजची?" तिने विचारले.

"ही निळी."

"आन् निळं म्हंजे चांगलं?"

"निळं म्हणजे साखर नाही."

ती जवळ आली. पदर नाकावरून कधी खाली आला ते तिला कळले नसावे. पुष्कळ वेळ ती नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "महादेवाच्या गळ्याचा रंग हाय ह्यो."

मी नळी तिच्याकडे जरा वळवली.

"जहर पचलं की निळं व्हतंय," ती म्हणाली. "मंग त्यानंच सांगितलं की. तू उगं मला पुस्तकातलं सांगून राहिला व्हतास."

"कडेला जरा हिरवं आहे," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"ते बेलाचं पान समज," आई म्हणाली, आणि आत जाऊन पाणी प्यायली.

त्या औषधाचा असा अर्थ मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नव्हता. तो दुरुस्त करण्याची मला गरजही वाटली नाही. मी आजवर पुष्कळ वाद केले, त्यांतले काही जिंकलोही, पण तोंड बंद ठेवून जिंकलेला हा एकच.

दसरा

उरलेले सोमवार आईने एकटीने केले. साबुदाणा घरात येणे थांबले, कारण तिनेही तो सोडला. म्हणाली, देवाला फसवायचे नाही. भाद्रपदात नळी बहुतेक दिवस निळी, कधी बेलाच्या पानाची. अंगठ्याची कातडी कडेने आत आत येत गेली, जशी दुधावर साय धरते तशी, घाई न करता.

मधे तहसीलदारांच्या वरचे आणखी कुणी मोठे साहेब आले आणि पुन्हा बुटांचा हुकूम निघाला. मी त्याच बुटांची पुढची बाजू मोच्याकडून कापून घेतली आणि अंगठा बाहेर ठेवून रांगेत उभा राहिलो. तहसीलदार रांग बघत आले आणि माझ्यापाशी थांबले.

"पेशकारसाहब, ये कौन सा फैशन?"

"हुजूर, मागच्या खेपेला याला साहेबांचे दर्शन झाले नाही. म्हणून खिडकी ठेवली."

ते पुढे गेले. राज्य बुडाले नाही.

दसऱ्याच्या आधी मी रेल्वेने त्या मोठ्या दवाखान्यात गेलो. सर्जनांनी अंगठा दाबला, वाकवला, पुन्हा दाबला. "कौन सी दवा ली?" मी म्हणालो, भाकरी. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले, आणि मग म्हणाले, "जाओ." एवढेच. त्या वॉर्डात जाऊन मी नाईकाची चौकशी केली. तो कुबडीवर आपल्या तांड्यावर गेला होता, सर्वांना शिव्या देत आणि चिलीम मागत. मला फार बरे वाटले.

घरी आलो तर आईने गल्लीत साखर वाटायची ठरवली होती. पाय वाचला तर साखर वाटीन, असेही ती कधी बोलली होती. मी म्हणालो, निदान दुसरे काही वाट. ती म्हणाली, लोकांच्या पायाला काय झालंय? आणि परात घेऊन निघाली. कासीमभाईंनी मूठभर घेतली. परत आली तेव्हा मी दारात होतो, आणि सवयीने माझा हात पुढे झाला. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि माझ्या तळहातावर चार फुटाणे ठेवले.

शेवटी

हे लिहायचे कारण एवढेच, की माझ्यासारखी लाल नळी पाहून कुणीतरी आज घरी चालत येत असेल आणि त्याला वाटत असेल की सगळे संपले. संपलेले नसते. माझे किरकोळीत निभावले; ज्याला सुई लागते त्याने ती घ्यावी आणि माझ्या गोष्टी ऐकून सोडू नये. पण एक गोष्ट सर्वांना करता येते. मोठी प्रतिज्ञा करू नका. मोठ्या प्रतिज्ञा या सुभेदारांच्या कमानीसारख्या असतात, दुपारपर्यंत शेळ्या खातात. एक लहान गोष्ट बदला, थोडे दिवस बघा, मग दुसरी. आणि जे फार पवित्र वाटते, तेही एकदा नळीत घालून बघा. घरात त्याचा अर्थ कोण काय लावील ते मात्र त्यांच्यावर सोडा.

आता पूर्वेकडच्या लढाईमुळे बोटीने येणारा साबुदाणा बाजारात येईनासा झाला आहे. लोक कुरकुर करतात. मी गप्प बसतो.

पाय आहे. चपला घालतो. आईही आहे, आता कानांनी जरा जड. परवा एकादशीला मी ओट्यावर जेवायला बसलो होतो, तेव्हा गल्लीतले ते संस्कृत बोलणारे पेन्शनर गृहस्थ चालले होते. ते थांबले, माझ्या ताटाकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काय पेशकार, आज एकादशी ना? उपवास नाही?"

मी घास खाली ठेवला. आतून आईचा आवाज आला.

"उपवासच हाय त्याचा. दिसत न्हाई का, भाकर खाऊन राहिला."